पडद्यावरचे मरण आणि घरातले अश्रू

"मालिकेतला माणूस मेला म्हणून कोणी रडते काय?" असे म्हणत घरातल्या बायकांची थट्टा करणे ही आपल्याकडील पुरुषांची जुनी खोड आहे. जेवणाच्या ताटावर हसायला विषय मिळतो आणि रडणारी बाई पदराने डोळे पुसून स्वयंपाकघरात जाते. ही थट्टा आम्हाला कधीच पटली नाही. ज्या डोळ्यांत पाणी येते ते डोळे वेडे नसतात. मात्र ते पाणी कोण कशासाठी काढतो आणि ते कोठे वाहून जाते, हे आमच्या भगिनींनी जरूर तपासून पाहावे.

या बाबतीतले सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका सुरू झाली. एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सची ही निर्मिती. तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणी आणि तिचा नवरा मिहीर विराणी याच्या भूमिकेत अमर उपाध्याय. २००१ साली मालिकेत मिहीर अपघातात मेला आणि जणू घरोघरी सुतक आले. पत्रे गेली, फोन गेले. मिहीरला परत आणा, अशी मागणी देशभरातून झाली. आपण शेजारी धडधाकट बसलो होतो आणि आई पडद्याकडे पाहून रडत होती, असा किस्सा अमर उपाध्याय यांनी पुढे मुलाखतींत सांगितला आहे. अखेर निर्मात्यांनी मिहीरला जिवंत केले. तो मेलाच नव्हता, स्मृती हरवून दुसरीकडे राहत होता, असे दाखवले. पुढे अमर उपाध्याय यांनी भूमिका सोडली, त्यांच्या जागी इंदर कुमार आले, मग रोनित रॉय आले. चेहरे बदलले, पण मिहीर काही पुन्हा मेला नाही!

विराणींचे घर कोट्यधीशांचे. त्या घराचे आणि परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीचे काय नाते? तरीही त्या खोलीत मिहीरसाठी रडू आले. याचे कारण आपल्या वस्तीच्या दिनक्रमात आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक घरांतली पुरुषांची कमाई कायमची थांबली. बायकांनी खानावळी चालवल्या, पापड लाटले, धुणीभांडी केली. पहाटे पाणी भरायला उठणाऱ्या बाईला रात्री साडेदहाची मालिका झेपत नसे. मग दुसऱ्या दिवशीचे पुनःप्रक्षेपण तिने पाहावे. दुपारची ती वेळ तेवढी तिच्या हक्काची. त्याआधी दूरदर्शनवर दुपारी 'शांती' आणि 'स्वाभिमान' लागत, मराठीत प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' लागे, तेव्हापासून ही सवय जडलेली. दररोज ठरल्या वेळी घरी येणारे माणूस परके कसे राहील? गावाकडचा सख्खा भाऊ वर्षातून एकदा दिसतो, मिहीर आठवड्यातून चार-पाच दिवस दिसत होता. तो गेल्यावर घर सुने वाटले, तर त्यात हसण्यासारखे ते काय?

आणि रडणाऱ्या फक्त बायकाच असतात, हेही खरे नव्हे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्वांची सिंधू दारुड्या नवऱ्यापायी हाल सोसून मरते, तेव्हा पागोटे घातलेले प्रतिष्ठित पुरुषही डोळे पुसत. रडून झाल्यावर त्यांतले किती जण आपल्या घरच्या सिंधूशी नीट वागले, हा प्रश्न वेगळा. विलायतेतही असेच घडले. २२ सप्टेंबर १९५५ रोजी बीबीसी रेडिओवरील 'द आर्चर्स' या मालिकेत ग्रेस आर्चर ही नवविवाहिता आगीत होरपळून मेली, तेव्हा बीबीसीकडे दूरध्वनींचा आणि पत्रांचा पाऊस पडला. त्याच रात्री तिकडे खासगी दूरचित्रवाणीचा प्रारंभ होत होता. लोकांचे लक्ष आपल्याकडे राहावे म्हणून त्या पात्राचे मरण नेमके त्या रात्री नेमले गेले, असे आजवर म्हटले जाते. म्हणजे मरणाचा मुहूर्त काढण्याची विद्या काही आजची नाही.

आता गिरगावला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा चित्रपटगृहाची गोष्ट पाहा. ऑगस्ट १९७५ मध्ये तेथे 'शोले' लागला आणि तब्बल पाच वर्षे चालला. पहिल्या काही दिवसांत प्रतिसाद थंड दिसला, तेव्हा अमिताभ बच्चन यांच्या जयला जिवंत ठेवून नवा शेवट चित्रित करावा, असा विचार निर्मात्यांनी केला होता. तो त्यांनी सोडून दिला आणि जय मेला तो मेलाच. लोक त्याच्यासाठी रडले आणि पुन्हा तिकीट काढून रडायला गेले. पण त्या गर्दीत राधेसाठी किती जण रडले? राधा म्हणजे ठाकूरची विधवा सून, पांढऱ्या साडीत रोज संध्याकाळी दिवे मालवणारी. जयशी तिचे लग्न करून देण्यास ठाकूर राजी झाला होता, तिचा बापही राजी झाला होता. जय मेल्यावर ती पुन्हा खिडकी लावून घेते आणि आत जाते. मेलेल्या पुरुषासाठी सारे थिएटर रडते, जिवंत राहिलेल्या बाईची खिडकी मात्र मुकाट्याने बंद होते.

आम्हाला जे सांगायचे आहे ते हेच. मालिकेतील नवऱ्याचे मरण हे बहुधा बायकोच्या हालांची सुरुवात असते. बांगड्या फुटतात, कुंकू पुसले जाते, साडीचा रंग जातो, सासरचे डोळे वटारतात. प्रेक्षक कळवळतो आणि म्हणतो, नवऱ्याला परत आणा. वाहिनी परत आणते. बाईचा मान परत येतो तो नवऱ्याच्या पाठोपाठ, तिच्या स्वतःच्या हक्काने नव्हे! मिहीर परत आला म्हणून प्रेक्षक सुखावले. परंतु आपल्या शेजारच्या खोलीतल्या ज्या बाईचा नवरा कधीच परत येणार नाही, तिच्यासाठी पत्र कोणाला लिहायचे?

या प्रश्नाचे उत्तर एका गावाने दिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार बंद करावेत, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हे अनुकरण करावे, असे सांगितले. या ठरावाने कोणाचा नवरा जिवंत झाला नाही. पण जिवंत बाईला जिवंतपणी मारण्याचा रिवाज नको, एवढे एका गावाने ठरवले. मालिकांच्या लेखकांना हे का सुचू नये?

पडद्यावरचे प्रत्येक मरण बाजारी असते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०१९ साली स्टार प्रवाह वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेबांच्या आणि शिवानी रांगोळे रमाईच्या भूमिकेत होत्या. ही कथा कोठे जाणार हे आपल्या घरांतल्या लहान मुलालाही माहीत. परळच्या बी.आय.टी. चाळीतला संसार, शेणाच्या गोवऱ्या, पाच लेकरांपैकी चौघांचे डोळ्यांदेखत जाणे आणि २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाईचा अंत. येथे कोणी वाहिनीला पत्र लिहून "रमाईला परत आणा" असे म्हणू शकत नव्हते. शेवट ठाऊक असूनही जे अश्रू येतात ते वाया जात नाहीत. ते आपल्याला विचारतात की, औषधपाण्यावाचून, अर्धपोटी राहून खंगणारी एखादी रमा आज आपल्या घरात तर नाही ना? ती आजारी पडली तर दवाखान्यात नेण्याआधी आपण महिनाभर वाट पाहतो काय?

म्हणून भगिनींनो, मालिका पाहताना रडू आले तर लाजू नका. आणि बंधूंनो, हसू नका. जवळ बसा, कोण गेले ते विचारा. कित्येकदा मालिकेतल्या मिहीरसाठी रडणारी आई आपल्या गेलेल्या माणसासाठी रडत असते. त्या वेळी तिला रडायलाही सवड मिळाली नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी खानावळीचे डबे पोहोचवायचे होते.

मग टीव्ही बंद झाल्यावर एवढे करा. चाळीत कोणाचा नवरा गेला तर तिच्या बांगड्यांना कोणाला हात लावू देऊ नका. खोलीची भाडेपावती, बँकेचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचे अर्ज तिच्या नावावर करून देण्यासाठी तिच्याबरोबर दोन हेलपाटे घाला. पुढचा मंगल परिणय असेल तेथे तिला पहिल्या रांगेत बसवा. रंगीत साडी नेसून आली तर कुजबुज करू नका. मेलेले माणूस परत आणणे वाहिनीला जमते, आपल्याला जमत नाही. मागे राहिलेल्या बाईला माणसांत परत आणणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे.