पाटी जुनी, रंग नवा

मगरिबची अजान होऊन रोजे सुटले, की मुंबईच्या महंमद अली रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मिनारा मशिदीजवळ मालपुवे तळले जातात, फिरनीच्या मातीच्या वाट्या रचल्या जातात. खायला दादर-डोंबिवलीहूनही मंडळी येतात. या गर्दीत मान वर करून पाहणारे थोडेच. पाहिले, तर एलईडीच्या झगमगाटात एखाद्या अत्तराच्या किंवा सुक्या मेव्याच्या दुकानावर हाताने रंगवलेली जुनी पाटी अजून दिसते. तिच्यावर उर्दू, इंग्रजी, देवनागरी, कधी गुजरातीही शेजारी-शेजारी नांदत असते.

अशी पाटी दुकानाच्या नावापेक्षा बरेच काही सांगते. पत्त्यात नुसते 'मुंबई 3' असेल, तर ती जुन्या टपाल विभागाची खूण. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला आणि तोच विभाग पुढे 400003 झाला. फोनचा नंबर सहा आकडी असेल, तर तोही जुन्या मुंबईचा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही असते.

कामाची रीत ठरलेली. पत्र्यावर प्रायमर, त्यावर एनॅमलचे हात, मग खडू लावलेली दोरी ताणून आखलेल्या रेघा. हात थरथरू नये म्हणून मनगट काठीवर टेकवायचे. काचेच्या पाटीत सगळेच उलटे. मागच्या बाजूने आधी अक्षरे, तीही उलटी, आणि शेवटी पार्श्वभूमीचा रंग.

खरी कसोटी लिप्यांची. देवनागरी शिरोरेषेला लटकते, इंग्रजी खालच्या रेषेवर उभी राहते, तर उर्दूची नस्तालीक उजवीकडून डावीकडे तिरकी उतरत येते. तिघींना एकाच पत्र्यावर बसवायचे, तेही कोणी बारीक न दिसता. पेंटरला तिन्ही लिप्या वाचता येतच, असे नाही. कातिबाने कागदावर लिहून दिलेले नाव तो पत्र्यावर उतरवून घेई. एका पाटीवर असे दोन हात, कधी दोन धर्मांचेही, लागत.

याच शहरात 1930च्या दशकात एम. एफ. हुसेन सिनेमाचे फलक रंगवत होते. हाताने अक्षर काढणाऱ्याला तेव्हा काम होते. 1990च्या दशकात उर्दू छपाई संगणकावर गेली आणि कातिबांचे काम सुटले. पुढे फ्लेक्सने पेंटरांच्या पोटावर पाय आणला. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, स्वस्तही पडतो. पण तो उन्हाने विटला, की फेकण्यावाचून इलाज नाही. पत्र्याची पाटी विटली, तर जुन्याच अक्षरांवरून पुन्हा ब्रश फिरवता येतो. दसरा-दिवाळीला किंवा ईदेआधी दुकानाची रंगरंगोटी होते, तेव्हा पाटीलाही एक हात मिळाला, तर तिचे आयुष्य वाढते. जुन्या पाट्या टिकल्या त्या अशा, कोणीतरी पुन्हा रंगवल्यामुळे.

दुकानांवरील मराठी पाट्यांचा नियम 2022 मध्ये लहान दुकानांनाही लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पाट्या बदलण्याची धावपळ उडाली. वास्तविक नियम सांगतो, ते एवढेच: नाव मराठीत, देवनागरी लिपीत, पाटीवर सुरुवातीला हवे आणि ते इतर लिपीपेक्षा लहान नको. इतर लिपी पुसा, असे तो म्हणत नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकात मराठीसोबत उर्दू असावी की नाही, हा वादही न्यायालयात गेला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्दू राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट केले.

आता प्रश्न भिंतींचाच आहे. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे 250 जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. गळक्या, धोक्याच्या खोल्यांतून लोक चांगल्या घरांत जाणे गरजेचेच होते. मात्र दुकान नव्या गाळ्यात जाते, तेव्हा जुन्या पत्र्याचे काय होते? बहुधा तो भंगारात जातो. खरे तर चार स्क्रू काढले, की पाटी सुटते आणि नव्या गाळ्यात गल्ल्यामागच्या भिंतीवर सहज मावते. ईदेची रंगरंगोटी तोंडावर आली आहे. महंमद अली रोड असो की आपल्या गावातली बाजारपेठ, फ्लेक्सची ऑर्डर देण्याआधी दुकानदाराने एकदा जुन्या पेंटरला बोलावून विचारावे. देवनागरी मोठी करून त्याच पत्र्यावर बसते का, हे तोच सांगू शकेल.