बुरशीच्या भिंतीवर एन्झाइमांचा घाला

आंब्याची अढी उलगडताना पिकल्या फळांवर जे काळे डाग दृष्टीस पडतात, ते अढीतच उत्पन्न झाले असे समजण्याचा प्रघात असला, तरी त्यांचे मूळ मोहोर आणि कोवळी कैरी यांच्या दिवसांत शोधावे लागते. कारण ज्या कोलेटोट्रायकम बुरशीमुळे हा करपा उद्भवतो, तिचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर सालीवर येऊन, तिच्यात जेमतेम शिरकाव करून, फळ पिकेपर्यंत निद्रिस्त राहतात. कच्च्या फळापाशी त्यांच्या बंदोबस्ताची स्वतःची साधने असतात. हिरव्या पपईला नख लावताच जो पांढरा चीक ठिबकतो, त्यात सुप्रसिद्ध पपेनबरोबर कायटिनेज नावाचे एन्झाइमही असते. फळ पिवळे होऊ लागले की तो चीकच आटतो आणि बुरशीला रान मोकळे होते.

बुरशीच्या पेशीची भित्तिका मुख्यत्वे ग्लुकन आणि कायटिन या शर्कराशृंखलांची विणलेली असते. पैकी कायटिन झिंग्याच्या कवचात सापडते, परंतु फळाच्या गरात वा मनुष्यदेहात नाही. तेव्हा केवळ तेच तोडणारे कायटिनेज फळाला अपाय करीत नाही. 1988 साली मटारच्या शेंगांतून कायटिनेज व ग्लुकनेज वेगळी काढून संशोधकांनी ती अनेक बुरशींवर योजिली, तेव्हा एकेकट्याने क्वचितच साधणारे कार्य दोहोंच्या संयोगाने साधले, आणि घाव पडला तो वाढत्या तंतूंच्या टोकांवर, जेथे भिंत नुकतीच रचली जात असते. मधातील ग्लुकोज ऑक्सिडेजची तऱ्हा निराळी : ते भिंतीला हात न लावता हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते.

एवढ्यावरून एन्झाइमांच्या भरवशावर, नाशिकच्या द्राक्षपेटीत बुरशी रोखण्यासाठी ठेवलेल्या सल्फर डायॉक्साइड सोडणाऱ्या कागदाला तत्काळ रजा देण्याची घाई मात्र करू नये. तो वायू घडाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचतो, एन्झाइमाचा द्राव जेथे लागला तेथेच राहतो. शिवाय द्राक्षावरील बोट्रायटिस बुरशी शून्य अंशाच्या आसपासही मंदगतीने वाढतच असते, आणि त्या थंडीत एन्झाइमाचा वेग मात्र पार मंदावतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी अशीच एन्झाइमे स्रवून इतर बुरशींची भिंत फोडते, आणि आपला शेतकरी ती शेणखतात मिसळून मुळांशी घालीतही असतो. जमिनीतील हे काम फळाच्या सालीवर करवून घेण्याची तजवीज करायचीच, तर पहिली परीक्षा उबदार हवेत पिकणाऱ्या आंब्यापपईवर व्हावी, असे माझे मत आहे.