वेचणीचे दिवस आणि प्लास्टरातलं लेकरू

पहाटे ५. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या ढाणकी गावातल्या चुली अंधारातच पेटतात. मी आधी पोराच्या पायाची बोटं बघते. दोन वर्षांचा आहे. मांडीचं हाड मोडलं, म्हणून छातीखालपासून प्लास्टर घातलंय. मोडलेला पाय घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्याच्या वरपर्यंत, दोन्हींच्या मध्ये प्लास्टरला जोडलेली काठी. सहा आठवडे असंच. नख दाबून सोडलं की लाली लगेच परत यायला हवी. बोटं गार, निळी किंवा सुजलेली दिसली तर काढे-लेप करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

६ वाजता डायपर. लहान डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा, त्यावरून मोठा बांधायचा. डोकं-छाती थोडी उंच ठेवली की लघवी पाठीकडे जात नाही. प्लास्टर आत ओलं राहिलं तर कातडी सोलते.

८:३०. दिवसातली सगळ्यात अवघड वेळ हीच. मी आशा कार्यकर्ती, मला गृहभेटींना निघायचं असतं. सासूबाई वेचणीला जातात; मजुरी किलोवर, खाडा केला की गेली. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची लेकरं बसतात, त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ नाही. म्हणून शेजारच्या मावशी येतात. आधी मी करून दाखवलं, मग त्यांच्याकडून करून घेतलं. तरी रोज विचारतेच.

"मावशी, पायांमधल्या काठीला धरून उचलायचं नाही बरं."

"नाही वं माय. एक हात पाठीखाली, एक ढुंगणाखाली."

"अन् एकटीनं?"

"एकटीनं कायले? समोरची सून येते नं."

मावशींची वेचणी बुडते, म्हणून मी त्यांना दिवसाची मजुरी देते. शेजारधर्म म्हणून त्या घेत नव्हत्या, मी ऐकलं नाही. लेकरू सांभाळणं हे कामच आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही ते मानलं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईने ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. कपाशीच्या शेतात असं कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

दुपारपर्यंत गृहभेटी. नवजात बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जावंच लागतं; ते पुढे ढकलता येत नाही.

१:३०. घरी येऊन वरण-भात भरवते. पोट आवळलेलं असतं, म्हणून थोडा थोडा, अनेकदा. दोन-तीन तासांनी कूस बदलायची. छातीखाली उशी देऊन पालथं ठेवलं की तो डब्याची झाकणं आपटत रमतो. खाज सुटली की रडतो; तरी आत काडी, तेल, पावडर काही घालायचं नाही. पंख्याचा वारा द्यायचा.

संध्याकाळी ६. सासूबाई येतात, बोटं बोंडांनी ओरखडलेली. लुगड्याला चिकटलेला कापूस अंगणात झटकतात, हात धुतात, मगच नातवाजवळ बसतात. प्लास्टरात गेलेला कचरा काढता येत नाही.

रात्री मी आणि नवरा पाळीपाळीने उठून कूस बदलतो.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर दवाखान्यातून सुट्टी घेताना दिवसा सांभाळणाऱ्या बाईलाही सोबत न्या. डॉक्टरांसमोर तिला एकदा उचलू द्या, डायपर बदलू द्या. आणि तिच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे तिच्या हातात द्या.