इमेजमध्ये मागे राहणारी किल्ली

डॉकर कंपोझच्या एकाच फाइलीत अनेक सर्व्हिस मांडता येतात आणि प्रत्येकीची इमेज बांधताना ‘आर्ग्ज’खाली बाहेरून मूल्यं देता येतात. पायथन 3.12 हवं की 3.13, हे ठरवायला ही उत्तम सोय आहे. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली मात्र या वाटेने कधीही देऊ नये. चालत्या कंटेनरला ते मूल्य आपोआप मिळत नाही, म्हणून ते पुसलं गेलं असा समज होतो. पण ‘डॉकर हिस्टरी’ ही आज्ञा दिली की ते बांधणीच्या ज्या पायरीत वापरलं, तिच्या नोंदीत उघडं वाचता येतं. इमेज खासगी आहे, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण इमेज मुळात इतर यंत्रांवर, इतर माणसांकडे पोचवण्यासाठीच बांधतात, आणि ती जिथे जाईल तिथे किल्लीही जाते. बिल्डकिट या डॉकरच्या बांधणी-यंत्रणेची ‘सीक्रेट’ सोय गुपित त्या एका पायरीपुरतंच जोडते, इमेजच्या थरात ठेवत नाही. त्यासाठी डॉकरफाइलमध्ये एखादी ओळ बदलावी लागते आणि कंपोझच्या फाइलीत ते गुपित नोंदवावं लागतं, इतकंच.