स्थलांतर आणि पक्ष्यांचा मेंदू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हजारो किलोमीटरांचा प्रवास करून ठरलेल्या पाणथळीवर परतणाऱ्या पक्ष्याचा मेंदू एकाच परिसरात आयुष्य काढणाऱ्या पक्ष्यापेक्षा मोठा असणार, हा समज इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला भासत नाही. प्रत्यक्षात शरीराच्या आकारमानाशी ताडून पाहिल्यास दूरवर स्थलांतर करणाऱ्या जातींचा मेंदू, विशेषतः त्याचा पुढचा भाग म्हणजे अग्रमेंदू, निवासी जातींपेक्षा सरासरीने लहान असतो, असे अनेक जातींच्या तुलनेतून दिसून आले आहे. मेंदू पोसण्यासाठी शरीराला फार ऊर्जा खर्चावी लागते आणि लांबच्या उड्डाणात ऊर्जेची काटकसर अटळ असते, हे याचे एक कारण सांगितले जाते. दुसरे असे की, कडक हिवाळ्यात जागा न सोडणाऱ्या पक्ष्याला अन्न मिळवण्याच्या नव्या युक्त्या शोधाव्या लागतात, तर स्थलांतरित पक्षी त्या टंचाईच्या आधीच तेथून निघून गेलेला असतो.

यावरून स्थलांतरित पक्षी मंदबुद्धीचे ठरवणे ही मात्र अधिक गंभीर चूक होय, कारण संपूर्ण मेंदूचे आकारमान आणि त्यातील एखाद्या भागाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थळांची स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग येथे महत्त्वाचा ठरतो. उत्तर अमेरिकेतील जुन्को या लहान पक्ष्याच्या स्थलांतर करणाऱ्या आणि न करणाऱ्या गटांची तुलना 2003 साली प्रसिद्ध झाली. तीत स्थलांतर करणाऱ्यांची स्थळस्मृती अधिक चांगली आढळली आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या पेशी, अधिक दाट असल्याचे दिसले. त्याआधी 1996 साली युरोपातील गार्डन वॉर्बलर या वटवट्याच्या बाबतीत असे आढळले होते की, आफ्रिकेचा प्रवास केलेल्या पक्ष्यांमध्ये हा भाग अननुभवी पिलांपेक्षा मोठा होता, तर स्थलांतर न करणाऱ्या सार्डिनियन वॉर्बलरमध्ये वय आणि अनुभव वाढूनही तसा फरक पडलेला नव्हता. मेंदूतील बदल हे स्थलांतराचे केवळ कारण नसून काही अंशी त्याचा परिणामही असावेत, असे हा अभ्यास सुचवतो. जातीच्या उत्क्रांतीत लाखो वर्षांत घडलेला बदल आणि एका पक्ष्याच्या आयुष्यात घडणारा बदल यांची गल्लत हेच या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

पहिल्याच प्रवासाला निघालेल्या पिलाच्या डोक्यात संपूर्ण मार्गाचा नकाशा जन्मतः असतो, हा समजही याच गल्लतीतून येतो. पेरडेक या डच संशोधकाने नेदरलँड्समधून जाणारे 11,000 हून अधिक स्टार्लिंग, म्हणजे आपल्याकडील भोरडीच्या कुळातील युरोपीय पक्षी, पकडून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले आणि त्याचे निष्कर्ष 1958 साली प्रसिद्ध केले. प्रौढ पक्ष्यांनी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाकडे मोर्चा वळवला, पण पिले जुन्याच दिशेने उडत राहिल्याने दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये पोहोचली. दिशा आणि अंतर यांचा आराखडा उपजत असतो; आपण वाटेवरून ढळलो आहोत हे ओळखून मार्ग सुधारणे अनुभवाने येते.

पक्ष्याचे होकायंत्र त्याच्या चोचीतील लोहकणांत असते, हे विधानही अनेकदा खात्रीने केले जाते. युरोपीय रॉबिनवरील 2009 च्या प्रयोगांत, चोचीला मेंदूशी जोडणारी चेता तोडल्यावरही पक्ष्यांना चुंबकीय दिशा कळत राहिली. उलट अग्रमेंदूतील ‘क्लस्टर एन’ हा दृष्टीशी संबंधित भाग निकामी केल्यावर ती कळेनाशी झाली, तरी तारे आणि मावळतीचा प्रकाश यांच्या आधारे त्यांना दिशा ठरवता येत होती.

लांबच्या उड्डाणात शरीरातील इंद्रियांबरोबर मेंदूही आटतो, या समजुतीला ग्रेट नॉट या किनारी पक्ष्याने उत्तर दिले आहे. वायव्य ऑस्ट्रेलियातून चीनच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 5,400 किलोमीटर उडून आलेल्या या पक्ष्यांची तपासणी 2000 साली प्रसिद्ध झाली. त्यांचे आतडे, यकृत, मूत्रपिंडे, इतकेच नव्हे तर उड्डाणाचे स्नायूही घटले होते. मेंदू आणि फुप्फुसे यांच्यात मात्र लक्षणीय घट आढळली नाही. शरीर स्वतःला जाळत असतानाही मेंदू राखला जातो, ही निसर्गातील अत्यंत विलक्षण व्यवस्था म्हणावी लागेल. परंतु उतरल्यावर आटलेली पचनसंस्था पुन्हा उभी करण्यासाठी त्या पक्ष्याला शिंपल्यांनी भरलेली चिखलपाटे लागतात. दक्षिण कोरियातील सेमान्गुम येथील अशी विस्तीर्ण चिखलपाटे 2006 साली पूर्ण झालेल्या समुद्री भिंतीमुळे भरती-ओहोटीपासून तुटली, आणि तेथे मोठ्या संख्येने थांबणारा ग्रेट नॉट आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.