साहेबांची हजेरी कोण घेणार?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. पाठोपाठ डिसेंबरात सुप्रिया सुळे यांनी ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं आणि कामाच्या तासांचा वाद पुन्हा रंगला. त्याआधी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतला कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर न्यायला मंजुरी दिलीच होती. उद्योगपतींपैकी कुणी आठवड्याला सत्तर तास म्हणतो, कुणी नव्वद. तास मोजायला हवेत, याबद्दल वाद नाही. पण रविवारी संध्याकाळपासून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्याशी बोलून बघा. त्यांची तक्रार क्वचितच घड्याळाबद्दल असते. ती असते एका माणसाबद्दल. दहा जणांसमोर अक्कल काढणारा, रजेचा अर्ज मुद्दाम दाबून ठेवणारा, आपण केलेलं प्रेझेंटेशन स्वतःच्या नावावर खपवणारा आणि अप्रेझलच्या वेळी ‘अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम’ असा शेरा मारणारा माणूस.

याबद्दल आपला कायदा काय म्हणतो? छळ लैंगिक असेल तर २०१३चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्याचा जातीवरून अपमान झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. आणि कर्मचाऱ्याने जीव दिला तर पोलिस ‘प्रवृत्त केल्या’चं कलम लावतात, पण वरिष्ठाचा तसा हेतू सिद्ध करणं महाकठीण. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नामांकित कंपनीच्या अधिकाऱ्यांविरुद्धचा असाच खटला रद्द केला. या तिन्हींत न बसणारा, म्हणजे नुसता रोज अपमानित होणारा माणूस कुठे जाणार?

तो फौजदारी कोर्टात तर जाऊ शकत नाही. सिकंदराबादच्या एका केंद्रीय संस्थेत प्रभारी संचालकांनी सहायक प्राध्यापिकेला मोठ्या आवाजात झापलं, त्यावरून गुन्हा दाखल झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्या. संजय करोल आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. कामाबद्दल वरिष्ठाने खडसावणं हा तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ मधला हेतुपुरस्सर अपमान नव्हे, नाहीतर ऑफिसात शिस्तच उरणार नाही, असा निकालाचा आशय. निकाल चुकीचा नाही. प्रत्येक झापण्याला पोलिस बोलावणं हा उपाय असूच शकत नाही. पण मग मधलं दार कुठे आहे? आपण ते बांधलेलंच नाही.

बांधायचं कसं, याचा आराखडा मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. हाइन्झ लायमन हे जन्माने जर्मन, पण स्वीडनमध्ये स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ. ऐंशीच्या दशकात त्यांनी कामाच्या ठिकाणच्या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांची करामत ही की, त्यांनी छळ मोजता येण्याजोगा केला. ४५ कृत्यांची यादीच त्यांनी बनवली: बोलताना सतत तोडणं, कुणीच न बोलणं, इतरांपासून दूरच्या खोलीत बसवणं, पाठीमागे कंड्या पिकवणं, काहीच काम न देणं, किंवा लायकीच्या खालचं निरर्थक काम देणं. यातलं एक तरी कृत्य आठवड्यातून किमान एकदा, सलग किमान सहा महिने घडत असेल, तर तो छळ. सहा महिन्यांची अट मला निर्दय वाटते. पाच महिने सोसणाऱ्याने काय करावं? पण ‘मला बरं वाटत नाही’ या तक्रारीला त्यांनी तारखा आणि घटना दिल्या, हे उपकार मोठे.

लायमन यांचं दुसरं म्हणणं आपल्याकडे प्रत्येक एचआरच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावावं असं आहे. छळ होतो तो माणूस हळवा, भांडखोर म्हणून नव्हे. कामाची रचना ढिसाळ आणि वरचे लोक डोळेझाक करणारे, म्हणून होतो. सुरुवात बहुधा कामावरच्या साध्या मतभेदातून होते. मग तो मतभेद सुटतच नाही, एकाला लक्ष्य केलं जातं, आणि व्यवस्थापन मध्ये पडतं तेव्हा ‘हा माणूसच त्रासदायक’ हा तोवर पसरलेला समज उचलूनच. शेवट नोकरी जाण्यात होतो. ज्या माणसाला खचवलं, त्याचं खचणंच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतं. स्वीडनने १९९३ साली याबाबतचा नियम केला आणि असा छळ रोखण्याची जबाबदारी थेट मालकावर टाकली.

जपानने छळाचे सहा प्रकार ठरवले: मारहाण, मानसिक हल्ला, वाळीत टाकणं, अशक्य काम देणं, मुद्दाम क्षुल्लक काम देणं, खासगी आयुष्यात नाक खुपसणं. जून २०२०पासून मोठ्या आणि एप्रिल २०२२पासून छोट्या कंपन्यांवरही प्रतिबंधाची जबाबदारी आली. दंड नाही म्हणून तो कायदा बोथट, ही टीका रास्त आहे. दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये दात दिले: तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणाऱ्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद. फ्रान्समध्ये तर फ्रान्स टेलिकॉमचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांनाच दोषी ठरवलं गेलं. बावीस हजार माणसं कमी करण्यासाठी कंपनीचं वातावरणच असह्य करण्याचं धोरण राबवलं, हा ठपका जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. खालचा साहेब ओरडतो, पण अनेकदा त्याचा आवाज वरून आलेला असतो, हे त्या निकालाने ओळखलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामाच्या ठिकाणच्या छळावरचा करार २०१९चा आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडे काय दिलं जातं? शुक्रवारी दुपारी ताणमुक्तीचं वेबिनार. त्याच वेळी साहेबांचा मेसेज येतो: फाइल कुठाय? जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या फर्ममधली २६ वर्षांची सीए तरुणी गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेल्या पत्रानंतर देश हळहळला. मग कामगार खात्याने तपासणी केली, तर त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. तिथल्या साहेबांच्या वागण्याची नोंद कोण ठेवणार होतं?

कायदा येईपर्यंत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याने काय करावं? लायमन यांचीच युक्ती वापरावी: मोजावं. घरच्या वहीत त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहावीत. ‘फार बोलले’ असं नको. काय बोलले ते. तोंडी हुकूम मिळाला की ‘आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन ओळींचा मेल टाकावा. पुष्कळ साहेब एवढ्यानेच जपून बोलू लागतात. कंपनीची कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नयेत, तेच निमित्त करून काढलं जातं. एकट्याने एचआरकडे जाण्यापेक्षा दोघा-तिघांनी सह्या करून जावं. एचआर कंपनीचा पगार घेतं, हे विसरू नये. म्हणून लेखी अर्जाची पोच मागून घ्यावी. झोप उडाली, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.

आणि सोडायचं ठरलं तर नव्या वेतन संहितेतली एक तरतूद पाठ करावी: राजीनामा दिला तरी थकलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावं लागतं. ‘फुल अँड फायनल’ महिनोन्‌महिने अडकवून ठेवणाऱ्यांच्या हातातला एक दोर त्यामुळे निसटला आहे. रिलीव्हिंग लेटरचा दोर अजून त्यांच्याच हातात आहे. शिवाय औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा १८ हजारांहून जास्त पगार घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’च नाही. म्हणजे हिंजवडीतल्या टीम मॅनेजरला त्या संहितेच्या दारात उभंही करणार नाहीत.

छळाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला जमणार नाही असं नाही. १९७१ साली याच राज्याने कामगार संघटनांचा कायदा करून अनुचित कामगार प्रथांची यादी छापली. व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं ही त्या यादीतली एक प्रथा. आकस सिद्ध करणं कठीण म्हणून ती यादीबाहेर ठेवली गेली नाही. लैंगिक छळाबाबत विशाखा निकालापासून कायद्यापर्यंत १६ वर्षं गेली. तेवढी वाट पुन्हा पाहायची नसेल तर दुकाने व आस्थापना कायद्यातच एक अनुसूची जोडावी: छळाचे ठरलेले प्रकार, तक्रार ऐकायला बाहेरच्या सदस्यासह समिती, आणि सूड उगवला तर मालकाला शिक्षा. तास दहा करायच्या मंजुरीला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली. या मंजुरीलाही तेवढीच पुरेल.