वाढदिवस लेकराचा असावा

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जुलै आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती. विदर्भात ऊन कडक, म्हणून शाळा जूनच्या अखेरीस उघडायच्या. बाप पोराला घेऊन आला, की गुरुजी एकदा पोराकडे बघत आणि १ जुलै लिहून मोकळे होत. खरी तारीख आईला विचारली, तर ती एवढेच सांगायची, की मोठा दुष्काळ पडला त्याच्या चार वर्षे आधी, पेरण्या आटोपल्या तेव्हा तू झालास. पुढे १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तोही १ जुलैलाच. त्यामुळे निदान कागदावर तरी मी आणि माझा जिल्हा एकाच दिवशी जन्मलो आहोत.

सांगायचे हे, की ज्यांना स्वतःचा वाढदिवस ठाऊक नव्हता, अशी आमची पिढी. आईबाप होण्याची आमची वेळ आली, तेव्हा आम्ही ती कसर मुलांवर भरून काढली. मीही काढली.

२००१ साली माझा मुलगा पाच वर्षांचा झाला. मी एक छोटा हॉल घेतला, दोन किलोचा केक आणला, ऐंशी माणसांना जेवायला बोलावले. त्यातली साठेक माझ्या ओळखीची होती, त्याच्या नव्हे. एक मोठे पाहुणे उशिरा येणार होते, म्हणून केक थांबला. रात्री नऊ वाजता ते आले, तेव्हा मुलगा आजीच्या खांद्यावर गाढ झोपला होता. त्याला उठवले. तो रडायला लागला. त्या दिवसाच्या फोटोत मुलगा रडतो आहे आणि सुरी माझ्या हातात आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मुलाचा सगळ्यांत जवळचा दोस्त, शेजारच्या ऑटोवाल्याचा मुलगा, त्या रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वडिलांना विचारले. ते खाली बघत म्हणाले, "पाठवलं असतं भाई, पण पोराच्या हाती द्यावं काय?" चार महिन्यांनी त्यांच्या मुलाचा वाढदिवस आला. त्यांनी मंडप घातला, केक आणला, आमच्यासकट सगळ्या गल्लीला बोलावले. सगळे उधारीवर होते. ती उधारी फिटायला पुढची दिवाळी उजाडली. त्या उधारीत माझाही वाटा होता, हे मला फार उशिरा उमगले.

खर्चिक वाढदिवस आपल्या घरी संपत नाही. तो गल्लीत एक मोजपट्टी ठेवून जातो आणि ज्याचा हात पोहोचत नाही, त्यालाही ती लावावी लागते. साधा वाढदिवस म्हणजे कंजूषपणा असे कुणी म्हटले, तर मला तो हॉल आठवतो.

मग लहान मुलाला लागते तरी काय? तीन-चार वर्षांच्या मुलाला किमतीतले काही कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की आज सगळे माझ्याकडे बघत आहेत आणि मला काहीतरी करायला मिळते आहे. वाढदिवसाचे गाणे आज जगभर ज्या चालीवर म्हणतात, तिची कथा बघा. ती चाल अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातील पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींची. पॅटी बालवाडीत शिकवत असे. सकाळी वर्गात येणाऱ्या मुलांच्या स्वागतासाठी त्यांनी ते गाणे रचले आणि १८९३ मध्ये छापले. लहानातल्या लहान मुलाला पटकन म्हणता यावे, इतकी ती चाल सोपी होती. वाढदिवसाचे शब्द तिला नंतर चिकटले. पुढे त्या गाण्यावर हक्क सांगून कंपन्यांनी वर्षानुवर्षे पैसे घेतले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. मुलांच्या साध्या गोष्टीवर दुकान कसे बसते, याचे हे उत्तम उदाहरण.

आपल्याकडेही ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी आजूबाजूचे शंखशिंपले, बिया, पाने-फुले गोळा केली आणि मुले त्यांतूनच शिकली. जे शिकण्याला पुरले, ते एका संध्याकाळच्या खेळाला पुरणार नाही काय?

आणि लहान मुलांचे सोहळे आपल्याला नवे कुठे आहेत? संक्रांतीच्या दिवसांतले बोरन्हाण घ्या. लेकराला पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि बाकीच्या मुलांनी ते लुटायचे. यात जमलेले प्रत्येक मूल काही ना काही घेऊन जाते, पण कुणी भेटीचा भाव विचारत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा घेऊन येतात. भुलाबाईची गाणी संपली, की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. आमच्या घरांत बिस्मिल्लाखानीची रीत होती. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले, की त्याला पहिले अक्षर द्यायचे आणि गल्लीत बत्तासे वाटायचे. हे सगळे सोहळे मुलाच्या मापाचे आहेत.

गेल्या ऑक्टोबरात नात चार वर्षांची झाली, तेव्हा आम्ही यातूनच उसनवारी केली. काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, पाहुणे. मुलाच्या वयात दोन-तीन मिळवावे, तितकीच मुले बोलवावीत. नातीकडे सात आली. त्यांची नावे तिने सांगितली, आम्ही नाही.

दुसरी, वेळ. दुपारी साडेचार ते सहा. या वयाचे मूल दीड तासानंतर थकते आणि थकलेले मूल रडते. उन्हाळ्यातला वाढदिवस असेल, तर सकाळी आठ-नऊची वेळ धरावी.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, भेट. "काही आणू नका" असे सांगून भागत नाही. लोकांना रिकाम्या हाताने येणे जड जाते. म्हणून आम्ही सांगितले, "येताना प्रत्येकाने एक पान आणायचे. कोणत्याही झाडाचे." दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. आपट्याचे पान सोने म्हणून देणाऱ्या माणसांना हे समजवावे लागले नाही. कुणी जास्वंदीचे आणले, कुणी लिंबाचा डहाळा, एकाने पळसाचे स्वतःच्या तोंडाएवढे पान आणले. पानांना गेरू आणि हळदीचे पाणी लावून मुलांनी जुन्या चादरीवर ठसे उमटवले. तीच नातीची भेट. ती चादर आज तिच्या खोलीच्या भिंतीवर आहे.

चौथी, खेळ. डब्यात खाऊ झाकून ठेवला आणि डबा हलवून ओळखायला सांगितले. वाजतो का? गोड की खारट? पाऊण तास त्यातच गेला. मग काळ्या मातीचे गोळे दिले. कुणी बैल केला, कुणी भाकर. ज्यात एक जिंकतो आणि सहा हरतात, असे खेळ या वयात टाळावेत.

पाचवी, खाणे. ज्या महिन्यात वाढदिवस, त्या महिन्याचे फळ. आमच्याकडे सीताफळे होती. बिया काढून गर दुधात कालवला. मुरमुऱ्याचा चिवडा केला. वाटीत थापून शिऱ्याचा केक केला, त्यावर एकच मेणबत्ती. द्रोण पळसाचे. शेजारच्या आजींनी नातीला ओवाळले, माझ्या पत्नीने डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. सगळा हिशेब चारशे रुपयांच्या आत बसला.

काही पथ्येही पाळावीत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा बीसकट बोर देऊ नये. घशात अडकून जीव गुदमरतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, तेही तितकेच घातक. गॅसच्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो आणि फेसाच्या फवाऱ्यातला वायूही पेट घेतो, म्हणून पेटत्या मेणबत्तीजवळ ही दोन्ही नकोत. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीच्या थर्मोकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे.

ज्यांच्या हाताशी दोन पैसे जास्त आहेत, त्यांनी आपल्या गावच्या शाळेत चौकशी करावी. गुजरातेत तिथी भोजनाची पद्धत सुरू झाली आणि २०२१ मध्ये केंद्राच्या पीएम पोषण योजनेनेही तिला उत्तेजन दिले. वाढदिवसासारख्या निमित्ताने शाळेतल्या सर्व मुलांना एक वेळचे गोडधोड द्यायचे, अशी ती कल्पना. सगळी पंगत एकच जेवते, तिथे मोजपट्टी लागत नाही.

नातीच्या वाढदिवसाला आलेल्या सात मुलांत शेजारच्या ऑटोवाल्यांचा नातूही होता. आमच्या मुलाच्या त्याच दोस्ताचा मुलगा. उजव्या हातात लिंबाचा डहाळा धरून तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. जानेवारीत त्याचा वाढदिवस होता. त्याची आई आदल्या दिवशी आमच्याकडे आली आणि पत्नीला म्हणाली, "चाची, तो खाऊ ओळखायचा डबा देता काय? पोरगा म्हणते, तोच पाहिजे."

डबा दिला. तो अजून परत आलेला नाही. ऐकतो, की आता गल्लीतल्या तिसऱ्या घरी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)